मुलांच्या पुस्तकांचे प्रकार: कपाट लावायचं तरी कसं?

सायली_वाचते

आमच्या वाचनगटाकडे मुलांची बरीच पुस्तकं जमली आहेत आणि आता ती कपाटात लावायची आहेत. गटातल्या बहुतेकांचं म्हणणं, वयाप्रमाणे लावा, सोपं पडतं. मला ते पटत नाही. गटात आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिच्या वयाचं म्हणून काढून दिलेलं एकही पुस्तक तिला नको असतं, ती ज्वालामुखीवरचं जाडजूड पुस्तक घेऊन बसते. तिच्याच वयाचा एक मुलगा अजून चित्रांच्या पुस्तकांत रमतो. दोघांना एकाच फळीसमोर उभं करून काय साधणार?

म्हणून प्रकारांप्रमाणे लावायचं ठरवलं आणि तिथेच घोडं अडलं. बोर्ड बुक (जाड पुठ्ठ्याच्या पानांचं), चित्रपुस्तक, कॉमिक, परीकथा, बोधकथा, साहसकथा, विज्ञानकथा, माहितीपर, चरित्र, कविता... यादी वाढतच चालली आहे आणि एकेक पुस्तक तीन ठिकाणी बसतंय.

प्रश्न कपाटाचा असला तरी माझ्या मते मुद्दा मोठा आहे. कोणतं पुस्तक कोणत्या जातीचं आहे हे कळलं नाही, तर आपण त्याच्याकडून भलतीच अपेक्षा करतो. निव्वळ गमतीची कविता वाचून झाल्यावरही मुलाला विचारतो, "यातून काय शिकलास?" तुम्ही हे प्रकार कसे ओळखता, कसे वेगळे करता?

शब्दवेडा

जागा पकडून बसतोय, धागा रंगणार. बोधकथांच्या फळीवर सगळ्यात जास्त धूळ बसणार, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

रानजाई

मला हा सगळा खटाटोप मोठ्यांसाठी वाटतो. मुलं प्रकार बघून पुस्तक उचलत नाहीत. मुखपृष्ठ आवडलं, मधलं एखादं चित्र दिसलं, मित्राने सांगितलं, एवढ्यावर उचलतात. सगळी पुस्तकं एकत्र ठेवा, मुलांना हात घालू द्या.

जुना_ग्रंथपाल

सायलीताई, तुमच्या यादीतच तुमच्या अडचणीचं मूळ आहे. तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही एका रांगेत लिहिली आहेत.

पहिला प्रश्न, पुस्तकाची बांधणी कशी आहे? बोर्ड बुक, चित्रपुस्तक, कॉमिक ही याची उत्तरं. दुसरा, ते वाचणार कोण आणि कसं? कुणी वाचून दाखवायचंय, की मुलाने अडखळत का होईना स्वतः वाचायचंय, की प्रकरणांमागून प्रकरणं सलग वाचायची आहेत? तिसरा, आतला मजकूर कोणत्या जातीचा आहे? लोककथा, कल्पनारम्य, रहस्य, इतिहास, माहिती, कविता हे सगळं इथे येतं.

प्रत्येक पुस्तकाला या तिन्ही प्रश्नांची उत्तरं असतात, म्हणून ते तीन ठिकाणी बसतं. ज्वालामुखीचं कॉमिक बांधणीने कॉमिक आणि मजकुराने माहितीपर. त्यात गोंधळ काहीच नाही, फक्त फळी लावताना कोणता प्रश्न आधी विचारायचा ते ठरवावं लागतं.

रानजाई, मुलं प्रकार बघत नाहीत हे मला मान्य नाही. "अजून एक भुताचं द्या" असं म्हणणारं मूल दुसरं काय करत असतं? त्याला नाव ठाऊक नसेल, चव नक्की ठाऊक असते.

रानजाई

बरं, भुताचा मुद्दा मान्य. :)

दोघांची_आई

ग्रंथपालकाकांच्या दुसऱ्या प्रश्नावर मला लिहायचंच होतं, कारण तिथे पालकांची फार गफलत होते. चित्रपुस्तक म्हणजे लहान मुलाने स्वतः वाचायचं सोपं पुस्तक, असा समज असतो. खरं तर बरीचशी चित्रपुस्तकं मोठ्यांनी वाचून दाखवण्यासाठी लिहिलेली असतात. त्यांची भाषा बिनधास्त अवघड असते, वाक्यं लांब असतात, कारण वाचणारा मोठा आणि ऐकणारा लहान हे गृहीतच धरलेलं असतं. नुकतंच वाचायला लागलेल्या मुलांची पुस्तकं निराळी. त्यांत मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात, ओळी लहान असतात, अक्षर मोठं असतं.

दुसऱ्या जातीचं ठळक उदाहरण म्हणजे डॉ. स्यूस यांचं १९५७ सालचं 'द कॅट इन द हॅट'. अख्ख्या पुस्तकात मिळून २३६च वेगवेगळे शब्द आहेत! एवढ्या शब्दांत घरभर धुमाकूळ घालून दाखवलाय. हे बंधन मुद्दाम घेतलेलं होतं, नव्या वाचकाला जमावं म्हणून.

आता जे मूल जोडाक्षरांशी झगडतंय त्याच्या हातात आपण लांब वाक्यांचं चित्रपुस्तक देतो आणि वर म्हणतो, "एवढं साधं चित्रांचं पुस्तकही तुला वाचता येत नाही?" ते पोर बिचारं पुस्तकालाच घाबरायला लागतं. हे मी खूप घरांत पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

मोरपंखी

वरच्या प्रतिसादाला शंभरदा अनुमोदन.

अक्षरबन

चित्रपुस्तकाबद्दल अजून थोडं. चित्रं असलेलं पुस्तक आणि चित्रपुस्तक यांतला फरक पाहायचा असेल तर पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' बघा, १९६८ सालचं. मजकूर फक्त ३२ शब्दांचा. एक कोंबडी फिरायला निघते, अंगणातून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीजवळून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी परत येते. शब्दांत एवढंच.

चित्रांत मात्र तिच्या मागावर पहिल्यापासून एक कोल्हा आहे. तो झेप घेतो आणि दाताळ्यावर पडतो, दांडा फाडकन नाकावर. पुढे तळ्यात पडतो, मग गंजीत गाडला जातो, गिरणीपाशी अंगावर पीठ कोसळतं. मजकुरात कोल्ह्याचं नावही येत नाही! वाचून दाखवणारा मोठा माणूस कोंबडीची गोष्ट सांगत असतो आणि ऐकणारं मूल ओरडत असतं, "अगं मागे बघ, मागे!" गोष्ट शब्दांत नाही, चित्रांतही पूर्ण नाही, ती दोघांच्या मधे घडते. चित्रं काढून टाकली तर खाली काही उरत नाही. ही चित्रपुस्तकाची खूण.

पान उलटण्याची जागासुद्धा लेखक-चित्रकार ठरवून घेतात. झेप या पानावर, आपटणं पुढच्या पानावर. मधे मुलाचा श्वास अडकलेला. म्हणून चित्रपुस्तक भराभर वाचून 'उरकू' नका, प्लीज. पान उलटायच्या आधी थांबा.

निळू_फुलपाखरू

आमच्याकडे चित्रपुस्तकं नेमकी ३२ पानांचीच का असतात असा प्रश्न लेकीने विचारला होता. कुणाला माहीत आहे का?

जुना_ग्रंथपाल

छपाईचं गणित. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घालून कापला की पानं आठाच्या किंवा सोळाच्या पटीत निघतात. ३२ पानं त्यात चपखल बसतात आणि वाचून दाखवायला एका बैठकीचा ऐवज होतो. सगळी ३२चीच असतात असं मात्र नाही. अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक १९३८पासून चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला देतात. २००८ साली ते ब्रायन सेल्झनिक यांच्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे'ला मिळालं. ते पुस्तक पाचशेहून जास्त पानांचं आहे! कितीतरी पानं सलग नुसती चित्रं, मग पुन्हा मजकूर. कादंबरी म्हणा की चित्रपुस्तक म्हणा, पदक देणाऱ्यांनी चित्रपुस्तक म्हटलं.

शब्दवेडा

सायलीताई, हे कोणत्या फळीवर ठेवणार ते आधी सांगा. :)

तर्कशुद्ध

मला कॉमिकबद्दल आक्षेप नोंदवायचा आहे. कॉमिक हे वाचनच नव्हे. मुलं चित्रं बघतात आणि पुढे सरकतात. वाचनगटाने कॉमिकची फळी ठेवूच नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

अक्षरबन

तर्कशुद्ध, जोरदार असहमती. कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मधे जी रिकामी जागा असते तिथे काय घडलं ते वाचणाऱ्यालाच भरून काढावं लागतं. पहिल्या चौकटीत मुलगी झाडावर, दुसऱ्या चौकटीत तिच्या पायाला पट्टी. ती पडली हे कुणी लिहिलेलंही नाही, काढलेलंही नाही. ते मुलाने स्वतः जोडलं. यालाच आपण शाळेत 'आकलन' म्हणून मार्क देतो ना?

शिवाय काकांचा पहिला प्रश्न आठवा. कॉमिक ही बांधणी आहे. तिच्यात चरित्र येतं, इतिहास येतो, विज्ञान येतं, फालतू मारामारीही येते. नापसंत असेल तर ती मारामारी नापसंत म्हणा, अख्खी बांधणी का मोडीत काढायची?

तर्कशुद्ध

चौकटींमधल्या जागेचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरीही निव्वळ कॉमिकवर थांबलेल्या मुलाला सलग मजकुराची सवय कशी लागणार, हा माझा प्रश्न उरतोच.

दोघांची_आई

तो प्रश्न रास्त आहे. माझ्या मोठ्याला मी कॉमिक बंद न करता त्याच विषयाचं मजकुराचं पुस्तक शेजारी ठेवत गेले. समुद्री चाच्यांचं कॉमिक आवडलं की चाच्यांचीच छोट्या प्रकरणांची गोष्ट. विषय तोच, बांधणी बदलली. त्यामुळे उडी लहान झाली.

गोष्टवेल्हाळ

आता बोधकथांकडे वळूया, शब्दवेडा यांनी उगाच त्यांना धुळीत काढलंय.

आपण पंचतंत्राला सरसकट 'मुलांना चांगलं वागायला शिकवणाऱ्या गोष्टी' म्हणतो. पण 'मित्रभेद' या पहिल्याच तंत्राची, म्हणजे भागाची, मूळ चौकट काय आहे? पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची घट्ट मैत्री. दमनक नावाचा कोल्हा दोघांचे कान भरतो. शेवटी सिंह आपल्या मित्राला ठार मारतो आणि दमनकाला प्रधानपद मिळतं. कारस्थान करणारा जिंकतो! विष्णुशर्मा राजपुत्रांना राज्यकारभार शिकवत होता. नीती म्हणजे इथे जगात टिकून राहण्याचं शहाणपण. कान भरणारे कसे बोलतात, ते ओळखायचं कसं, हे मुलाला यातून जितकं कळतं तितकं 'खोटे बोलू नये'च्या पाटीवरून कळत नाही.

म्हणजे प्राणी बोलले की बोधकथा आणि बोधकथा म्हणजे उपदेश, हे दोन्ही हिशेब चुकीचे.

विज्ञानवेडी

प्राण्यांवरून आठवलं. मुलांच्या पुस्तकांत प्राणी किमान तीन तऱ्हेने येतात आणि मुलांशी बोलताना हा फरक मला फार उपयोगी पडतो.

बोधकथेतला कोल्हा हा कोल्हा नसतोच, तो लबाडीचा मुखवटा. त्याचं घर कुठे, पिल्लं किती, कुणी विचारत नाही. दुसरी तऱ्हा प्राण्याच्या आयुष्याच्या गोष्टीची. ॲना स्यूएल यांची 'ब्लॅक ब्यूटी' (१८७७) घोडा स्वतः सांगतो, पण तो घोड्यासारखाच जगतो. मालक बदलतात, लगाम रुततो, तब्येत ढासळते. वाचणाऱ्याला घोड्याची कणव येते. तिसरी तऱ्हा माहितीपर पुस्तकाची. तिथे कोल्ह्याने बोलायचं नाही. तिथे तो काय खातो, बीळ कसं करतो, ते बरोबर असायला हवं.

माझी तक्रार सरमिसळीबद्दल आहे. मुखपृष्ठावर 'प्राण्यांची माहिती' आणि आत पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल हातात हात घालून! पेंग्विन दक्षिणेकडे, ते अस्वल उत्तर ध्रुवाकडे. गोष्टीत त्यांनी खुशाल पार्टी करावी. पण माहिती म्हणून छापायचं तर हे चालणार नाही.

निळू_फुलपाखरू

आमच्या लेकीने द्राक्षांच्या गोष्टीवर विचारलं होतं, "पण कोल्हा तर मांस खातो ना, त्याला द्राक्षं कशाला?" मी गप्प!

विज्ञानवेडी

कोल्हे फळंही खातात! मिश्राहारी असतात. लेकीला सांगा, त्या गोष्टीतला तेवढा भाग शंभर टक्के शास्त्रीय आहे.

शब्दवेडा

म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं मिळाली नाहीत ती नाहीतच, वर आपण सगळ्यांनी त्याच्या आहारावरही संशय घेतला.

मोरपंखी

परीकथांबद्दल कुणी बोललंच नाही. त्या मुलांना द्याव्यात की नाही? दुष्ट सावत्र आई, जंगलात सोडून दिलेली मुलं... मला वाचून दाखवताना अस्वस्थ वाटतं.

गोष्टवेल्हाळ

आधी एक भेद. लोककथा आणि एका लेखकाने रचलेली परीकथा या वेगळ्या. लोककथेचा कर्ता कुणी एक नसतो. सिंड्रेलाचंच घ्या. मॅरियन रोल्फ कॉक्स यांनी १८९३ साली त्या कथेची आणि तिच्या कुळातल्या गोष्टींची ३४५ रूपं एकत्र करून छापली. डॅनिश लेखक अँडरसनच्या गोष्टी मात्र १८३५पासून पुस्तिकांमधून आल्या आणि त्यातल्या बऱ्याच त्याने स्वतः रचलेल्या. त्याची जलपरी राजपुत्राशी लग्न करत नाही, तो दुसरीशी करतो. गोड शेवट नंतरच्यांनी जोडले.

लोककथा सांगणाऱ्याबरोबर बदलत असते. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. म्हणजे ग्रिमनाही अस्वस्थ वाटलंच होतं, मोरपंखीताई!

म्हणून लोककथा सांगताना मी थोडी बदलते, त्यात मला काही गैर वाटत नाही. लेखकाने रचलेली गोष्ट मात्र जशी आहे तशीच वाचावी. शेवट सोसणार नसेल तर दोन वर्षं थांबावं, कापू नये.

रानजाई

हे पटलं. पण भीती पूर्ण काढून टाकू नका हं कुणी. माझ्या भाच्याला राक्षस मेला की जो आनंद होतो तो राक्षस आधी भयंकर असल्याशिवाय होत नाही.

तर्कशुद्ध

खऱ्या आणि कल्पित यांच्या सीमेवरच्या पुस्तकांचं काय? ऐतिहासिक कादंबरी वाचून मुलं त्यातले संवाद घडलेले म्हणून सांगतात. रोजनिशीच्या रूपातल्या कादंबऱ्या तर हुबेहूब खऱ्या वाटतात.

जुना_ग्रंथपाल

महत्त्वाचा मुद्दा काढलात. ॲन फ्रँकची डायरी १९४७ साली प्रसिद्ध झाली, ती एका खऱ्या मुलीने नाझींपासून लपून राहत असताना लिहिलेली. शेजारीच एखादी रोजनिशीच्या रूपातली कादंबरी असेल, तर तिच्यातली मुलगी लेखकाने घडवलेली. मुलाला दोन्ही भिडतील, भिडायलाच हव्यात. पण एकीतलं दुःख कुणी तरी प्रत्यक्ष भोगलं आहे, हे त्याला कळलं पाहिजे. तो त्या मुलीचा हक्क आहे.

मी मुलांना एकच सवय लावायचो. पुस्तकाची सुरुवातीची आणि शेवटची पानं वाचायची. चांगली ऐतिहासिक कादंबरी बहुतेक वेळा शेवटी सांगते की काय घडलेलं आणि काय रचलेलं. चरित्रात संवाद अवतरणचिन्हांत असतील तर विचारायचं, हे कुणी ऐकलं, कुठे लिहून ठेवलं?

विज्ञानवेडी

माहितीपर पुस्तकाचीही तीच पानं बघा. छपाईचं साल, अनुक्रमणिका, शेवटी सूची आहे का. प्लूटोला २००६ साली बटुग्रह ठरवलं, त्याआधीच्या पुस्तकांत नऊ ग्रह असणारच. असं पुस्तक मी टाकत नाही, नव्याच्या शेजारी ठेवते. मुलं स्वतःच शोधून काढतात की हे असं का.

आणि एक कळकळीची विनंती, सायलीताईंच्या त्या ज्वालामुखीवाल्या मुलीसाठी. जी मुलं फक्त माहितीची पुस्तकं वाचतात त्यांना "आता एखादी छान गोष्ट वाच" म्हणून टोचू नका. ती मधूनच उघडतात, चित्राखालची ओळ वाचतात, सूचीतून दुसऱ्या पानावर उडी मारतात. ही त्या पुस्तकाची वाचायची रीतच आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं 'ऑर्बिस पिक्टस' १६५८ सालचं. चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि शेजारी त्या आकड्यांची नावं, लॅटिनमध्ये आणि जर्मनमध्ये. मुलांसाठी छापलेल्या सचित्र पुस्तकांच्या अगदी सुरुवातीला उभं असलेलं हे पुस्तक गोष्टीचं नव्हे, माहितीचं आहे!

मोरपंखी

हे माहीत नव्हतं. पुतण्याला दिवसभर रेल्वेची इंजिनं वाचायची असतात, आजपासून त्याच्या मागची भुणभुण बंद.

सायली_वाचते

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. गटाशी बोलून असं ठरवतेय:

फळ्या मजकुराच्या जातीप्रमाणे. लोककथा आणि बोधकथा शेजारी शेजारी, रचलेल्या कल्पनारम्य गोष्टी, रहस्य आणि साहस, रोजच्या जगातल्या गोष्टी, इतिहासावरच्या कादंबऱ्या, मग माहिती आणि चरित्रं. कॉमिकना वेगळी फळी नाही, ती आपापल्या विषयात. ज्वालामुखीचं कॉमिक ज्वालामुखीच्या पुस्तकाशेजारी. बोर्ड बुकं मात्र सगळ्यात खाली, बांधणीवरून, कारण ती चावणारे वाचक तिथवरच पोचतात. चित्रपुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी समोर. ह्यूगो कॅब्रे तिथेच, पण आडवं ठेवून!

वय कुठेही लिहिणार नाही. त्याऐवजी मुखपृष्ठाच्या आत एक खूण, 'वाचून दाखवायचं' किंवा 'स्वतः वाचायला सोपं'.

तर्कशुद्ध

'स्वतः वाचायला सोपं' अशी खूण असलेलं पुस्तक अकरा वर्षांच्या मुलाने उघडलं तर त्याला काय वाटेल? तो मिटून ठेवेल.

दोघांची_आई

हे खरं आहे. शब्द नको, रंगाचा ठिपका लावा. अर्थ मोठ्यांना सांगून ठेवा, मुलांनी विचारलं तर त्यांनाही सांगा, पण ओरडून दाखवू नका.

सायली_वाचते

ठिपका ठरला. धन्यवाद, तर्कशुद्ध.

निळू_फुलपाखरू

यादीत कविता आणि नाटुकली राहिली ना?

अक्षरबन

दोन्ही एकत्र ठेवा. कविता आणि नाटक डोळ्यांनी वाचून अर्धवटच राहतात, ती तोंडाने करायची पुस्तकं. एडवर्ड लिअरची निरर्थक पद्यं १८४६ची, अर्थ शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही आणि मोठ्याने म्हटली की मुलं लोळून हसतात. आणि कृपा करून ती फळी जिथे बोलायला बंदी आहे त्या कोपऱ्यात नको.

सायली_वाचते

दाराजवळची फळी रिकामी आहे. तिथे आवाज केला तरी चालतो. कविता आणि नाटुकली तिकडे.